शब्दचर्चा : गोड, अबोल, आणि तरी ज्यांना कोणाच्याने नाही म्हणवत नाही

प्रश्न

मानसशास्त्रावरच्या एका मोठ्या लेखाचं मराठी करते आहे आणि एका शब्दापाशी अडले आहे. लेख अशा माणसांबद्दल आहे जी स्वभावाने गोड आणि शांत असतात. चर्चेत शेवटी बोलतात किंवा बोलतच नाहीत. आवाज चढत नाही, हट्ट दिसत नाही, हातात पदही बहुधा नसतं. तरी ठरतं ते त्यांच्या मनासारखं. कोणाला बोलवायचं, कोणाला वगळायचं, कोणती गोष्ट हसण्यावारी न्यायची आणि कोणती मनाला लावून घ्यायची, हे बाकीचे त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ठरवतात. आणि विचारलं तर म्हणतात, "छे, ती कुठे काही म्हणाली? आमचं आम्हीच ठरवलं."

लेखाचा सूर दोष देण्याचा नाही, कौतुकाचाही नाही. त्यामुळे 'गोडबोल्या', 'साखरपेऱ्या', 'कावेबाज' हे शब्द चालत नाहीत. 'सालस', 'सोशिक', 'गरीब' म्हटलं की त्यांचा प्रभाव नाहीसा होतो. 'मितभाषी' आणि 'मृदुभाषी' चुकीचे नाहीत, पण ते बोलण्याची तऱ्हा सांगून थांबतात. मला गोडवा, शांतपणा आणि पकड या तिन्ही छटा एकत्र हव्या आहेत. जुना किंवा बोलीतला शब्द असला तरी चालेल.

प्रतिसाद

'आतल्या गाठीचा' किंवा 'आतल्या गाठीची' कसा वाटतो? शांतपणा आहे, थांग न लागणं आहे. गोडवा मात्र नाही आणि संशय भरपूर आहे, हे मान्य.

आपल्याकडे न बोलणाऱ्यासाठी शब्द पुष्कळ आहेत आणि जवळजवळ सगळे उणेपणा दाखवणारे: घुम्या, मुखदुर्बळ, मुखस्तंभ, मूग गिळून बसणारा. 'उथळ पाण्याला खळखळाट फार' ही म्हण शांत माणसाची बाजू घेते खरी, पण त्याची खोली सांगते, त्याचा इतरांवर चालणारा अंमल सांगत नाही. 'मौनं सर्वार्थसाधनम्' या पंचतंत्रातल्या वचनाचंही तेच. पोपट आणि मैना स्वतःच्या तोंडामुळे पिंजऱ्यात पडतात, बगळे पडत नाहीत, असा तो श्लोक आहे. मौनाची थोरवी सांगायला निवडला तो नेमका बगळा, आणि त्याच बगळ्यावरून 'बकध्यान' हा ढोंगाला शब्द आहे! शांत माणसाबद्दलचा आपला अविश्वास बराच जुना दिसतो.

प्रतिसाद

मला वाटतं तुम्ही विशेषण शोधताय म्हणून अडचण येते आहे. मराठीत ही गोष्ट विशेषणात नाही, ती एका नामात आहे आणि एका क्रियापदाच्या रूपात आहे.

नाम म्हणजे 'भीड'. आज आपण भीड म्हणजे संकोच एवढंच धरतो. "भीड बाळगू नका", "भीड चेपली", "भीडमुर्वत ठेवली नाही." पण याच शब्दाचं दुसरं टोक बघा. "त्यांची भीड पडली म्हणून होकार दिला." "तिने भीड घातली." इथे भीड म्हणजे संकोच कमी आणि वजन जास्त. म्हणजे एकाचं वजन आणि दुसऱ्याचा संकोच या दोन गोष्टींना मराठीने एकच शब्द दिला आहे, कारण प्रत्यक्षात त्या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. तुमच्या लेखातली माणसं म्हणजे ज्यांची भीड पडते ती माणसं. गंमतीचा भाग असा की भीड बाळगणाऱ्यासाठी 'भिडस्त' हे विशेषण आहे, पण ज्याची भीड बाळगली जाते त्याच्यासाठी रोजच्या बोलण्यात तितकं सुटसुटीत विशेषण नाही. आणि 'भीड भिकेची बहीण' ही म्हणही भिडस्तालाच बजावते. ज्याच्या भिडेपायी तो भिकेला लागला त्याच्याबद्दल ती चकार शब्द काढत नाही.

मला ही भाषेची उणीव वाटत नाही. अशा माणसाकडे काय आहे ते शोधायला गेलात तर हाती फारसं लागत नाही, कारण जे घडतं ते समोरच्याच्या मनात घडतं.

आता क्रियापद. "तिला मला नाही म्हणता येत नाही" आणि "तिला माझ्याच्याने नाही म्हणवत नाही" यांत फरक आहे. पहिल्यात बाहेरची अडचण असू शकते. दुसऱ्यात अडचण माझ्याच आत आहे. व्याकरणात याला शक्यक्रियापद म्हणतात: मला चालवतं, त्याला बसवत नाही, तिचा शब्द माझ्याच्याने मोडवत नाही. या वाक्यात हुकूम देणारा कोणी नाही. दाब टाकणारा कोणी नाही. आहे ती फक्त माझी असमर्थता, आणि ती मी आपणहून कबूल करतो आहे. "आमचं आम्हीच ठरवलं" म्हणणाऱ्या लोकांचं मन या रूपात जसंच्या तसं उतरतं.

आणखी एक बघा. शक्यक्रियापद आणि प्रयोजक क्रियापद यांचं रूप दिसायला सारखंच असतं, दोन्हींत तो 'व' येतो. "ती त्याला चालवते" हे प्रयोजक झालं, चालवणारी ती. त्यातली 'ती' काढून टाका: "त्याला चालवते." आता हे शक्यक्रियापद म्हणूनही वाचता येतं, म्हणजे त्याच्यात चालण्याची ताकद आहे. कर्ता वाक्यातून दिसेनासा झाला की दुसऱ्याने करवलेली गोष्ट स्वतःच्या शक्तीची वाटू लागते. व्याकरणाच्या दृष्टीने हा निव्वळ योगायोग असेल, पण तुमच्या विषयाला इतकं नेमकं उदाहरण मला दुसरं सुचत नाही.

प्रश्नकर्ती

'भीड पडणे' फार उपयोगी आहे, आभार. पण एक शंका. भीड तर दरारा असलेल्या माणसाचीही पडते. वयाने मोठा, पदाने मोठा, तापट, अशा माणसाची. लेखातली माणसं तशी नाहीत. त्यांना कोणी घाबरत नाही.

प्रतिसाद

शंका रास्त आहे, आणि मानसशास्त्रात या दोन गोष्टी वेगळ्या काढलेल्याच आहेत. जॉन फ्रेंच आणि बर्ट्राम रेव्हन यांनी १९५९ मध्ये सामाजिक सत्तेचे पाच आधार मांडले: शिक्षा करण्याची क्षमता, बक्षीस देण्याची क्षमता, पदाचा अधिकार, जाणकारी, आणि पाचवा ज्याला ते 'रेफरंट' म्हणतात तो. या पाचव्यात मला त्या माणसाशी नातं जोडावंसं वाटतं, त्याच्यासारखं व्हावंसं वाटतं, त्याच्या नजरेत आपण चांगले राहावं असं वाटतं, आणि तेवढ्यानेच त्याचा माझ्यावर अंमल चालतो. पहिल्या तिघांना देण्या-घेण्याची किंवा हुद्द्याची जोड लागते. पाचव्याला काहीच लागत नाही, म्हणून तो बाहेरून दिसत नाही.

जोसेफ हेन्रिक आणि फ्रान्सिस्को गिल-व्हाइट यांनी २००१ मध्ये दुसऱ्या अंगाने हेच मांडलं. माणसांत वरचं स्थान मिळवण्याच्या दोन वाटा असतात: एक धाकाची, दुसरी मानाची. धाक घ्यावा लागतो, मान लोक आपणहून देतात. मराठीत धाक, दरारा, वचक, जरब, दहशत अशी एका वाटेवरची शब्दांची रांग आहे. दुसऱ्या वाटेवर मान, आदर, आब, वजन आहेत, पण हे सगळे जरा भारदस्त. तुमच्या माणसाकडे भारदस्तपणाही नाही. म्हणून मी 'शब्द' या शब्दाकडे वळेन. 'शब्दाला मान असणे', 'शब्द खाली पडू न देणे', 'शब्द झेलणे'. यांत श्रम कोणाचे आहेत बघा. बोलणाऱ्याने फक्त शब्द टाकला. तो झेलायची, खाली पडू न द्यायची धावपळ बाकीच्यांची.

आणखी एक कारण आहे, आणि ते अनुवादात हरवू देऊ नका. जॅक ब्रेम यांनी १९६६ मध्ये दाखवून दिलं की निवडीचं स्वातंत्र्य हिरावलं जातंय असं वाटलं की माणूस नेमकी तीच गोष्ट धरून बसतो. हट्टाला हट्ट भेटतो. शांत, गोड माणूस कोणाचं स्वातंत्र्य हिरावताना दिसतच नाही. "तुम्हाला योग्य वाटेल तसं करा" या वाक्याला विरोध करायचा म्हटला तरी करणार कशाला? म्हणून मोठ्या आवाजातली मागणी परत जाते आणि हळू आवाजातली इच्छा पूर्ण होते. याला मराठीत 'कलाने घेणे' म्हणतात. समोरचा ज्या बाजूला कललेला आहे त्या बाजूने त्याच्याबरोबर चार पावलं जायचं, मग वाट बदलायची. 'मन वळवणे' याच्या पुढचं. वळवणं हे सरळ वादानेही होतं, कलाने घेणं वादाने होत नाही.

प्रतिसाद

वरचं सगळं वाचताना ही माणसं फार गोंडस वाटू लागली आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. गोड आणि अबोल माणसाच्या हातातलं सगळ्यात धारदार हत्यार तुमच्या चर्चेत अजून आलेलं नाही. ते म्हणजे 'अबोला'.

'मौन' आणि 'अबोला' एक नव्हेत. मौन पाळतात किंवा धारण करतात, ते कोणाविरुद्ध नसतं. अबोला धरतात, आणि तो नेहमी कोणाशी तरी असतो. जो माणूस एरवीही कमीच बोलतो त्याने अबोला धरला तर तो तिसऱ्याला कळत सुद्धा नाही. कळतो फक्त ज्याच्याशी धरला त्याला. त्याने तक्रार केली तर ऐकणारे म्हणणार, "अरे, तो स्वभावच तसा आहे." किपलिंग विल्यम्स यांनी वाळीत टाकलं जाण्याच्या अनुभवावर प्रयोग केले. संगणकाच्या पडद्यावर तिघं चेंडू खेळतात आणि थोड्या वेळाने दोघं तिसऱ्याकडे चेंडू टाकणं बंद करतात. एवढ्या क्षुल्लक गोष्टीनेही माणसाला आपण कोणाचे नाही, आपल्या हातात काही नाही असं वाटू लागतं. पुढच्या एका प्रयोगात समोर माणसं नसून संगणकच खेळतोय असं आधी सांगितलं, तरीही ते लागायचं राहिलं नाही. मग खऱ्या माणसाच्या थंडपणाने काय होत असेल?

मुलांच्या अभ्यासात निकी क्रिक आणि जेनिफर ग्रोटपीटर यांनी १९९५ मध्ये अशा आक्रमकतेला वेगळं नाव दिलं. हात न उचलता, आवाज न चढवता, नात्यालाच हत्यार करायचं: कट्टी घ्यायची, गटातून वगळायचं, "तू असं केलंस तर मी तुझी मैत्रीण नाही" म्हणायचं. तोवर आक्रमकता म्हणजे मारामारी आणि दमदाटी असंच बहुतेक मोजलं जात होतं, त्यामुळे शांत मुलं आपोआप निर्दोष ठरत.

तेव्हा लेखाचा सूर दोष देणारा नसला तरी शब्दात थोडी धार राहू द्या.

प्रतिसाद

धार जरूर राहावी, पण ती कोणावर चालते याकडेही बघायला हवं, आणि याबद्दल मला अगदी मनापासून सांगायचं आहे. हे शब्द आपण सगळ्यांना सारख्या मापाने लावत नाही. तोच शांतपणा, तेच कलाने घेणं, तेच मोजकं बोलणं अधिकाराच्या जागेवरच्या पुरुषाने केलं की तो 'मुत्सद्दी', 'धीरगंभीर', 'शांत डोक्याचा'. बाईने केलं की ती 'आतल्या गाठीची'. हाताखालच्या माणसाने केलं की 'गोडबोल्या'. 'लाघवी' तर आपण मुलं आणि तरुण मुली यांच्यापुरताच ठेवला आहे. साठीच्या अधिकाऱ्याला लाघवी म्हटलेलं कुठे वाचलंय?

हाताखालच्याच माणसाच्या गोडव्याचा संशय का येतो, याचं उत्तर एडवर्ड जोन्स यांच्या १९६४ च्या अभ्यासात सापडतं. त्यांचा विषय होता दुसऱ्याला आवडावं म्हणून केलेली वागणूक. त्यांना दिसलेला पेच असा: ज्याला समोरच्याची मर्जी सर्वांत जास्त लागते, त्याच्याच गोड बोलण्यावर सर्वांत जास्त शंका घेतली जाते. ज्याला गरज नाही त्याचा गोडवा खरा मानला जातो. म्हणजे 'गोडबोल्या' हा शब्द पुष्कळदा त्या माणसाच्या लबाडीपेक्षा त्याच्या गरजेकडे बोट दाखवतो. ज्याला उघड बोलायची सोय नाही तो हळूच बोलतो. सत्ता मिळवायचे मोठे दरवाजे ज्याला बंद आहेत तो या दारानेच येणार. त्याला त्यासाठीही नाव ठेवायचं असेल तर निदान तोच शब्द मोठ्यांनाही लावावा.

प्रतिसाद

एक छोटी नोंद. शांत माणसं गट चालवतात हे ऐकायला छान आहे, पण छोट्या गटांवरच्या अभ्यासांत उलटं दिसतं: जो जास्त वेळ बोलतो त्यालाच लोक नेता मानतात, तो काय बोलतो हे फारसं न बघता. २०२० मध्येही एका अभ्यासाने हे पुन्हा दाखवलं. तेव्हा अनुवादात 'नेतृत्व' हा शब्द टाळावा.

प्रतिसाद

बरोबर, आणि ते अभ्यास मुख्यतः आधी एकमेकांशी फारशी ओळख नसलेल्या, थोडा वेळ एकत्र आलेल्या माणसांचे. भीड एका बैठकीत तयार होत नाही. ती साचते. तरी 'नेतृत्व' टाळावं याच्याशी सहमत. 'नेता कोण' विचारलं तर लोक बोलक्याचं नाव सांगतील. 'कोणाचं मन मोडवत नाही' विचारलं तर वेगळं नाव येईल.

आता तुमच्या मूळ मागणीकडे, म्हणजे विशेषणाकडे. दोन जुने शब्द सुचवतो, दोन्हींचा प्रवास सांगण्यासारखा आहे.

'लाघवी'. मूळ 'लघु'. संस्कृतात लाघव म्हणजे हलकेपणा, चपळाई. 'हस्तलाघव' मध्ये तो अर्थ अजून जिवंत आहे: हात इतका हलका की केव्हा काय केलं दिसू नये. मराठीत तोच हलकेपणा हातातून बोलण्यात आणि स्वभावात आला. लाघवी माणसाचं बोलणं मनावर ओझं टाकत नाही, म्हणून ते आत शिरतं. गोडवा आहे, कौशल्य आहे, निंदा नाही. उणीव एवढीच की लाघवी माणूस अबोल असेलच असं नाही.

'आर्जव'. हा मला जास्त चटका लावतो. मूळ 'ऋजु', म्हणजे सरळ. गीतेत तेराव्या आणि सोळाव्या अध्यायात आर्जव सद्गुणांच्या यादीत आहे, अर्थ सरळपणा, निष्कपटपणा. मराठी बोलण्यात त्याचा अर्थ झाला विनवणी. "आर्जवं केली", "आर्जवी स्वर". सरळपणापासून मनधरणीपर्यंत एवढं अंतर कसं कापलं गेलं? मला वाटतं, सरळ माणसाने मोकळ्या मनाने मागितलेलं नाकारणं सर्वांत कठीण असतं, आणि हळूहळू तो स्वरच मागण्याचा स्वर झाला. हे माझं वाचन आहे. पण 'आर्जवी' मध्ये निष्कपट आणि परिणामकारक हे दोन्ही धागे गुंफलेले आहेत एवढं नक्की.

आणि ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायातली ओवी बघा, अहिंसक माणसाच्या बोलण्याचं वर्णन: "साच आणि मवाळ । मितुले आणि रसाळ । शब्द जैसे कल्लोळ । अमृताचे ॥" तुमच्या माणसाचं वर्णन याहून आटोपशीर होणार नाही. मवाळ, मितुले, रसाळ: सौम्य, मोजकं, गोड. पण या तिघांच्या आधी 'साच' आहे. गोडबोल्याकडे मवाळ आणि रसाळ असतं, साच नसतं. अबोला धरणाऱ्याकडे मितुले असतं, रसाळ नसतं. वर आलेल्या सगळ्या नावडत्या शब्दांचा निवाडा या चारांच्या कसाला लावून करता येतो. ('मवाळ' शब्द मात्र आज एकटा वापरू नका. जहाल आणि मवाळ असे तट पडल्यापासून त्याला दुबळेपणाचा वास चिकटला आहे, ज्ञानेश्वरांच्या वेळी तो नव्हता.)

प्रतिसाद

यात कौटिल्याची भर घालू द्या. 'साम' हा चार उपायांतला पहिला. आज तो 'सामोपचाराने' एवढ्यापुरता उरला आहे आणि त्याचा अर्थ झाला आहे भांडण न करता. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्र' या ग्रंथात साम पाच प्रकारचा सांगितला आहे: समोरच्याच्या गुणांचं कीर्तन, त्याच्याशी असलेल्या नात्याची आठवण, परस्परांच्या उपकारांचं दर्शन, पुढे होणाऱ्या लाभाची आशा, आणि आत्मोपनिधान. शेवटचा प्रकार म्हणजे "जो मी तोच आपण, माझं आहे ते आपल्या कामासाठी वापरावं" असं म्हणणं. स्वतःला पूर्ण समोरच्याच्या हवाली करणं हा प्रभावाचा प्रकार म्हणून तिथे नोंदलेला आहे. तुकोबांच्या "नम्र झाला भूतां । तेणें कोंडिलें अनंता" मध्ये हीच गोष्ट भक्तीच्या अंगाने येते. 'कोंडिले' हे क्रियापद किती थेट आहे. नम्र झालेल्याने कोंडून घातलं!

तुमच्या लेखात पद्धतींबद्दल भाग असेल तर तिथे 'सामनीती' म्हणता येईल. स्वभावासाठी नको, कारण साम ठरवून करतात.

प्रश्नकर्ती

'ठरवून' हा मुद्दा महत्त्वाचा. लेखातही तेच आहे: यातल्या बऱ्याच जणांना आपली भीड पडते हे माहीतच नसतं. काहींना माहीत असतं आणि ते जपून वापरतात. थोडे ती वसूल करतात. या तिघांना एकच शब्द देण्याचा हट्ट मी सोडते.

सध्या असं ठरवलंय. स्वभाव सांगायचा तिथे 'लाघवी आणि मितभाषी' ही जोडी. प्रभाव सांगायचा तिथे विशेषण नाहीच, वाक्य बाकीच्यांच्या बाजूने: "तिचा शब्द कोणी खाली पडू देत नसे", "त्याला कोणाच्याने नाही म्हणवत नसे". जाणीवपूर्वक वापर असेल तिथे 'भीड घालणे'. आणि जिथे नाही म्हटल्यावर समोरच्याला अबोल्याची शिक्षा मिळते, फक्त तिथेच 'आतल्या गाठीचा', तोही बाई आणि पुरुष दोघांना सारखाच. मथळा 'ज्यांची भीड पडते'.

प्रतिसाद

सगळं पटलं, मथळा सोडून. हिंदीच्या सवयीमुळे आजचे बरेच वाचक 'भीड' म्हणजे गर्दी वाचतील, आणि 'भीड पडते' तर त्यांना अधिकच बुचकळ्यात टाकेल. मथळ्यात 'ज्यांना कोणाच्याने नाही म्हणवत नाही' ठेवा. भीड पहिल्या परिच्छेदात आणा, 'संकोच' आणि 'वजन' हे दोन्ही शब्द त्याच वाक्यात शेजारी ठेवून. उदाहरणार्थ: "तिचं वजन कुठे दिसत नव्हतं, दिसायचा तो बाकीच्यांचा संकोच, जुनी मराठी या दोन्हींना मिळून भीड म्हणते." एकदा असं वाचलं की पुढे शब्द एकटा आला तरी वाचक अडणार नाही.